आपलं अपील

“नागपूर नाई, बुलढाणा नाई, आता कुठीच नाई. वावर इकून टाकू,” महादेवराव तिसऱ्यांदा म्हणाले आणि चहाची बशी अशी आदळली की रुख्मिणीनं चुलीपासून मान वळवून ती फुटली का ते पाहिलं.

“कोणाले इकता?” कचरूनं विचारलं. “वाट नसलेल्या वावराले गिऱ्हाईक एकच असते, बा. गुलाबराव.”

“मंग त्यालेच इकू.”

“हाव. सहा वर्सं त्याच्यासंग कोर्टात भांडलो, आन् आता आपणच सातबारा त्याच्या घरी नेऊन देऊ.”

भांडलं कोण, असं महादेवरावांचं म्हणणं होतं. ते पहिल्याच दिवशी काठी घेऊन निघाले होते. दोन दिल्या असत्या तर त्याच संध्याकाळी वाट मोकळी झाली असती. पण तुझ्या मायनं हातातली काठी काढून घेतली आणि कागद धरला. आता तो कागद पांघरून झोपा.

रुख्मिणीनं भाकर तव्यावर टाकली. सासऱ्याकडे न पाहता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, “कागद कोणी पांघरो, कापसाचं गाठोडं तं माह्याच डोक्शावर हाये.”

कचरूची माय सुभद्राबाई दारात बसून तुरीची डाळ निवडत होत्या. कोर्टाचा विषय निघाला आणि सुभद्राबाई गप्प राहिल्या, असं त्या घरात सहा वर्षांत झालं नव्हतं. एरवी तारीख, पुकार, दाखल, मुदत हे शब्द त्यांच्या तोंडून मीठमिरचीसारखे यायचे. आज त्या खडे वेचत होत्या, आणि नसलेले खडेही वेचत होत्या.

काल शुक्रवारी बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात निकाल होता. सुभद्राबाई सकाळच्या एसटीनं गेल्या होत्या. पुकार झाला तेव्हा त्यांचे वकील धम्मरत्न साहेब शेजारच्या कोर्टात दुसऱ्या कामात उभे होते. न्यायाधीशांनी कागदावरून मान वर न करता दोन वाक्यं वाचली. पहिलं सुभद्राबाईंना कळलं नाही. दुसरं लख्ख कळलं: अपील खर्चासह खारीज.

खारीज या शब्दाचा अर्थ त्या घरात कोणाला विचारावा लागत नव्हता. नांदुऱ्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात बीटी कपाशी आल्यापासून माणसं जितके अर्ज करायला शिकली तितके त्यांच्या आज्यापणज्यांनी केले नव्हते. पीकविम्याचा अर्ज, बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारीचा अर्ज, कपाशीवर लाल्या रोग पडला म्हणून पंचनाम्याचा अर्ज. मग तहसीलच्या भिंतीवर यादी लागायची. त्यात आपलं नाव शोधायचं आणि नावासमोर बोट सरकवत न्यायचं, की शेवटी तो शब्द भेटायचा. कचरूला दोनदा भेटला होता. वाटेसाठी तहसीलदाराकडे केलेल्या पहिल्या अर्जालाही तोच भेटला होता. हा शब्द कोणाकडे चांगली बातमी घेऊन आल्याचं गावात ऐकिवात नव्हतं.

म्हणून सुभद्राबाई काल कोर्टातून उठल्या त्या सरळ स्टँडवर आल्या. वकिलासाठी थांबल्या नाहीत. पुढची तारीख विचारायची नव्हती, कारण पुढची तारीखच नव्हती. एसटीत त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईनं पेरू दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला आणि घरी आल्यावर रुख्मिणीच्या पोराला दिला. हारलो, एवढंच त्या बोलल्या.

सुभद्राबाई शिकलेल्या चौथीपर्यंत. वाचायच्या, पण अक्षराला अक्षर लावत, आणि तेवढ्यात कोर्टाच्या बोर्डावरचा कागद कोणीतरी दुसरंच पाहायला पुढं यायचं. लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा सासऱ्यांनी वर्षभर त्यांना निरखलं, मुलालाही निरखलं, आणि मरायच्या आधी गावाबाहेरचं चार एकर वावर मुलाऐवजी सुनेच्या नावावर केलं. पोराचं डोकं तापलं की वावर जाईल, असं ते उघड म्हणायचे. महादेवरावांना त्याचा राग नव्हता. डोकं तापतं हे त्यांनाही मान्य होतं.

या वावराला जायची गाडीवाट गुलाबरावाच्या शेतातून होती. नकाशावर नव्हती, जमिनीवर होती. दोन चाकोऱ्या, मधे गवत, आणि तीन पिढ्यांच्या बैलांचं शेण. देशी कपाशीच्या काळात त्या पट्ट्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बीटी आली तशी धुऱ्यापर्यंत, पार बांधाच्या पोटापर्यंत सरकी टोबायची रीत आली. बियाण्याची थैली महाग, मग एक बी वाया जाऊ नये आणि एक हात जमीन रिकामी राहू नये. ज्या वर्षी पाऊस मृगातच चांगला झाला त्या वर्षी गुलाबरावानं वाट नांगरली आणि तिच्यावर चार तासं, म्हणजे चार ओळी, पऱ्हाटीच्या लावल्या. विचारायला गेल्यावर तो म्हणाला, वाट दाखवा नकाशात.

त्याच वर्षी रुख्मिणी या घरात सून म्हणून आली. सासरच्या वावरात गाडी जाताना तिनं कधी पाहिलीच नाही. वेचा झाला की कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन लोकांच्या धुऱ्यांवरून पाऊण कोस चालायचं, हेच तिला या घराचं वळण वाटलं. पुढं तिची मान दुखायला लागली तेव्हा तिला कळलं की आधी इथं बैलगाडी जायची.

महादेवरावांनी काठी उचलली ती तेव्हाच. सुभद्राबाईंनी ती काढून घेतली, कारण त्यांना तालुक्याच्या म्हाताऱ्या वकिलानं पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगितली होती. “बाई, हे प्रकरण दिवाणी आहे. जमीन, हक्क, वाट, वाटणी, हे सगळं दिवाणी. तुमच्या मालकांनी काठी मारली की ते फौजदारी होईल. मग तुम्ही वादी राहणार नाही, तुमचे मालक आरोपी होतील.” वादी म्हणजे दाद मागायला आलेला आणि प्रतिवादी म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागितली तो, हेही त्यानंच सांगितलं. सुभद्राबाईंनी घरी येऊन ते तसंच्या तसं सांगितलं आणि काठी माळ्यावर टाकली.

मग तारखा सुरू झाल्या. महादेवराव दोनदा गेले, दुसऱ्या वेळी शिपायाशीच भांडले, तेव्हापासून सुभद्राबाई एकट्या जाऊ लागल्या. सकाळी डबा, पाण्याची बाटली, आणि बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या कापडी पिशवीत कागद. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या बसल्या त्या एकेक शब्द गोळा करत गेल्या. समन्स म्हणजे या, असं बोलावणं. वॉरंट म्हणजे न आल्यावर आणायला येणं. शपथपत्र म्हणजे खोटं असेल तर मला धरा, असं स्वतःच लिहून देणं. स्थगिती म्हणजे स्टे, गावात त्याला इस्टे म्हणतात. आणि ‘जैसे थे’ म्हणजे भांडण मिटेपर्यंत कोणी काही हलवायचं नाही. हा शेवटचा शब्द घरात सगळ्यांना इतका आवडला की पंखा बंद पडला तरी कचरू म्हणायचा, जैसे थे.

कोर्टाची उतरंड त्यांनी स्वतःच्या डोक्यानं लावली होती. बुलढाण्याच्या बाकावर एकदा देऊळगाव राजाची शाहजादी नावाची बाई त्यांच्याशेजारी रडत बसली होती. तिचं भिंतीचं प्रकरण होतं आणि वरच्या कोर्टात पुन्हा सगळे साक्षीदार आणायचे कसे या विचारानं तिचं अवसान गेलं होतं. सुभद्राबाईंनी तिला समजावलं ते वकिलांच्या मुनशीनंही थांबून ऐकलं.

“तालुक्याचं कोर्ट म्हणजे चूल,” त्या म्हणाल्या. “तिथं भाजी होते. साक्षी, पुरावे, उलटतपास, सगळं तिथं शिजते. जिल्ह्याचं कोर्ट भाजी नवी करत नाई. ते ताट पुढ्यात घेऊन सगळी भाजी चाखते आन् सांगते, बरोबर हाये का बिघडली. म्हणून तुले साक्षीदार आणा लागत नाई. नागपूरचं हायकोर्ट चाखतबी नाई. ते इतकंच पाहते का मीठ टाकायचा कायदा पाळला का नाई.”

“और दिल्ली?” शाहजादीनं डोळे पुसत विचारलं.

“दिल्लीचं मले माहीत नाई. तिथून आपली भिंत कोणाले दिसते?”

तालुक्याच्या कोर्टात तीन वर्षांनी सुभद्राबाई जिंकल्या. हुकूमनामा झाला. वाट वहिवाटीची आहे, प्रतिवादीनं ती मोकळी करावी. घरी पेढे आले. पण आठ दिवसांत पुन्हा कागद आला, बुलढाण्याहून, आणि त्यात जैसे थे लिहिलेलं होतं. वाटेवरची पऱ्हाटी तशीच उभी राहिली. म्हाताऱ्या वकिलानं हात जोडले, आता आपल्याला अपिलात उभं राहावं लागेल, माझ्यानं घाट चढवत नाही, असं म्हणून त्यानं बुलढाण्याच्या धम्मरत्न वकिलांच्या नावानं चिठ्ठी दिली.

खरी चूक झाली ती इथं, आणि ती कोणाच्या ध्यानात आली नाही. जिंकूनही वाट उघडली नव्हती, तेव्हा ती उघडून घ्यायला आपण वर गेलो आहोत, असं घरात सगळ्यांनी धरलं. केस आपली होती, म्हणून अपीलही आपलं झालं. आपल्या अपिलाची तारीख कधी, आपलं अपील कुठवर आलं, असं अडीच वर्षं रोज बोलणं चाललं. धम्मरत्न वकिलांना वाटलं, इतकी जाणती बाई, तिला काय सांगायचं. एकदा सुभद्राबाईंनीच त्यांना विचारलं होतं की तालुक्याला पुकार व्हायचा ‘सुभद्राबाई विरुद्ध गुलाबराव’, इथं ‘गुलाबराव विरुद्ध सुभद्राबाई’ काऊन? “वर आल्यावर नावं फिरतात, बाई,” असं म्हणून वकील घाईनं पुढं गेले. सुभद्राबाईंनी मनाशी ठरवलं की मोठ्या कोर्टात बाईचं नाव मागं टाकायची पद्धत असेल. लग्नपत्रिकेत असतं तसं.

तर आता शनिवारची सकाळ होती, दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. कचरूनं धम्मरत्न वकिलांना चार वेळा फोन लावला होता आणि चारही वेळा तो बंद होता. नागपूरला जायचं, असं कचरूचं म्हणणं. वावर विकायचं, असं महादेवरावांचं. रुख्मिणीनं भाकरी थापायचं थांबवून तिसरंच काढलं. ती म्हणाली, नागपूरला जा नाहीतर काशीला, पण यंदाचा वेचा डोक्यावरून आणायला मजूर लावा, नाहीतर मी माहेरी जाते.

“जाय ना,” महादेवराव म्हणाले. “तिथं काय कापूस गाडीतून येते?”

“तिथं वाट हाये.”

कोणीतरी अंगणात खाकरलं. पाहतात तो गुलाबराव.

तो ओट्याखाली उभा होता. चपला त्यानं अंगणाच्या कडेलाच काढून ठेवल्या होत्या. टोपी हातात. सहा वर्षांत तो या अंगणात आला नव्हता. रस्त्यानं जाताना या घराच्या बाजूला मानही वळवत नसे. महादेवराव उठले आणि त्यांची नजर माळ्याकडे गेली. कचरू दोघांच्या मधे येऊन उभा राहिला.

“वयनी,” गुलाबराव महादेवरावांना सोडून सुभद्राबाईंशी बोलला, “एक मागणं घेऊन आलतो.”

“हासाले आला का?” महादेवराव म्हणाले.

“हासू कायले? मी म्हणतो का तेवढा वेचा होऊ द्या. बोंडं आता फुटून राह्यली. मंग तुमी म्हणसान तसं.”

“वेच ना,” महादेवराव म्हणाले. “पायजे तितका वेच. आता तं तुह्यंच राज्य हाये बे.”

गुलाबरावाला हे लागलं. त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. बोलायची वेळ तुमची आहे, बोला, मी ऐकून घेतो, असं तो खाली पाहत म्हणाला. मग त्यानं सांगितलं की त्याच्या सगळ्या वावरात लाल्या पडलाय, पानं लाल होऊन गळालीत, बोंडं हरभऱ्याएवढी राहिलीत. एकट्या वाटेवरच्या चार ओळींत पऱ्हाटी छातीएवढी आहे, कारण तिथं बैलांचं शेण मुरलेलं आहे. यंदा घरात येईल तो कापूस त्या चार तासांचाच. तो एकदा हाती लागू द्या, बस.

“आन् मी नागपूरले जाऊन नाई राह्यलो,” तो म्हणाला. “माह्या पोरानं सांगतलं, नोको जाऊ बा. नाई जात.”

“तू काऊन जाशीन नागपूरले?” कचरू म्हणाला. “नागपूरले आमी जाऊ.”

गुलाबरावानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आता लाज नव्हती, नुसता गोंधळ होता. “तुमी? तुमी कायले जाता?”

सुभद्राबाईंनी सूप बाजूला ठेवलं. डाळीचे दोन दाणे त्यांच्या पदराला चिकटले होते, ते त्यांनी सावकाश काढले. मग विचारलं, “गुलाबराव, बुलढाण्याले अपील कोणाचं होतं?”

“माह्यं.”

“तुह्यं?”

“मंग कोणाचं? तालुक्याले तुमी जिंकल्या, वयनी. जिंकलेलं माणूस अपील कायले टाकन? मी हारलो, म्हणून मी टाकलं. काल माह्यंच अपील खारीज झालं.”

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला आणि रुख्मिणी आत धावली. महादेवराव, जे आत्तापर्यंत उभे होते, ते ओट्यावर बसले. कचरूनं गुलाबरावाकडे पाहिलं, मग मायकडे, आणि मग त्याला हसू यायला लागलं. ते त्यानं खोकल्यात दाबायचा प्रयत्न केला, पण दबलं नाही.

सुभद्राबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. देऊळगाव राजाच्या शाहजादीला चूल आणि ताट समजावून सांगणारी बाई अडीच वर्षं दुसऱ्याच्या अपिलाला आपलं म्हणत बसली होती. पण ही लाज आतल्या आत उतरत होती तसा तिच्याखालून सुटकेचा एक मोठा श्वास वर येत होता, तोही त्यांना आवरत नव्हता. शेवटी त्यांनी पदर तोंडाला लावला.

“पाणी आण व रुख्मिणी,” त्या आत पाहून म्हणाल्या. “आन् च्या ठेव.”

गुलाबरावानं पाणी घेतलं, चहाही घेतला, पण ओट्यावर बसला नाही, पायरीवर बसला. सहा वर्षांत एकमेकांना जे बोलले ते सगळं दोन्ही घरांना पाठ होतं, म्हणून बोलणं लाल्यावरच राहिलं. जाताना त्यानं पुन्हा विचारलं. दुपारपर्यंत सांगावा धाडते, असं सुभद्राबाईंनी सांगितलं.

तो गल्लीच्या वळणाला गेला न गेला तोच कचरूनं फोन लावला आणि या वेळी तो लागला. धम्मरत्न वकील एका लग्नात होते, मागं बँड वाजत होता. कचरूनं फोन मायच्या कानाला लावला. वकील मोठ्यानं बोलत होते, सगळ्या घराला ऐकू आलं.

“बाई, मी बाजूच्या कोर्टातून बाहेर येतो तर तुम्ही गायब. हरलेला पक्षकार पळतो, तो मी रोज पाहतो. जिंकून पळालेल्या तुम्ही पहिल्याच.”

सुभद्राबाईंनी घडलं ते सांगितलं नाही. डोकं दुखत होतं म्हणून लवकर निघाले, एवढं म्हणाल्या, आणि कचरूकडे असं पाहिलं की त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यांनी नेमके प्रश्न विचारले. वकिलांनी एकेक उत्तर दिलं. तालुक्याचा हुकूमनामा आता पक्का झाला. अपील गेलं त्याबरोबर जैसे थेही गेलं. गुलाबरावाला नव्वद दिवसांत नागपूरला दुसरं अपील करता येईल, पण तिथं मला निकाल पटला नाही एवढ्यानं भागत नाही, कायद्याचा प्रश्न दाखवावा लागतो. आणि वाट मोकळी केली नाही तर आपण दरखास्त लावू. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. कोर्टाचा बेलीफ येईल आणि पऱ्हाटी काढून वाट उघडून देईल. मात्र त्याला चारसहा महिने धरा, असं ते शेवटी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता भांडण नव्यानं सुरू झालं, पण त्याचा सूर बदलला होता. हरलेल्या घरातलं भांडण कोणाला ऐकू जाऊ नये असं असतं. हे ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून चाललं होतं. महादेवरावांनी जाहीर केलं की बेलीफच आणायचा. सहा महिने लागले तरी चालतील, डफडं लावून आणायचा, गुलाबरावाच्या दारावरून न्यायचा. कचरू म्हणाला, सहा महिन्यांनी कापूस घरात येऊन विकूनही झालेला असेल. आजच गाडी जुंपतो आणि पऱ्हाटीवरून घालतो. हुकूमनामा आपल्याजवळ आहे. त्यावर महादेवराव म्हणाले की हे मी सहा वर्षांपूर्वीच म्हणत होतो. बापलेक पहिल्यांदाच एका बाजूला आले.

“गाडी घातली तं फौजदारी होईन,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“हुकूमनामा असून?”

“हुकूमनामा कोर्टानं चालवायचा असते. आपण नाई.”

रुख्मिणी भाकरीची टोपली घेऊन बाहेर आली होती. ती करपलेली भाकर तिनं सगळ्यांत खाली ठेवली. मग उभ्या उभ्याच सासूला विचारलं, की मग त्याचा वेचा होईपर्यंत थांबायचं का? म्हणजे त्याची बोंडं सगळी फुटणार, तो दोनदा तीनदा वेचणार, तोवर संक्रांत येणार. आणि आपला कापूस आता फुटलाय. तो यंदाही माझ्याच डोक्यावरून यायचा. जिंकून काय बदललं?

आवाज चढवून बोलली नव्हती ती. सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सून उभी असताना मान किंचित डावीकडं झुकवते, हे त्यांना नवीन नव्हतं. तारखेच्या दिवशी त्या एसटीत बसून जायच्या तेव्हा घरी ही धुऱ्यांवरून चालत असायची, हाही हिशेब त्यांना कळत होता. आणि छातीएवढी वाढलेली, फुटलेल्या बोंडांची पऱ्हाटी उपटून फेकायला कोणाही वावरातल्या बाईचा हात धजावत नाही, गुलाबरावाची असली तरी.

त्या उठल्या. आतून कागदांची पिशवी आणून तिच्यातून तालुक्याचा हुकूमनामा काढला. कधीकाळी म्हाताऱ्या वकिलानं त्यातल्या एका ओळीखाली पेनानं रेघ मारून दिली होती. ती ओळ त्यांनी अक्षराला अक्षर लावून, बोट फिरवत, मनाशी वाचली. वाट गाडीवाट आहे, रुंदी आठ फूट. त्यांनी मनात मोजलं. बीटीच्या दोन ओळींत अंतर चार फूट. गुलाबरावानं नांगरताना चाकोऱ्यांच्या दोन्ही बाजूंचं गवतही घेतलं होतं, म्हणून चार तासं बसली होती. गाडीला चारही लागत नव्हती, मधली दोन गेली की आठ फूट मिळत होते.

महादेवराव पुन्हा बेलिफावर आले होते. तो कोणत्या कपड्यात येतो, त्याच्याबरोबर पोलीस असतो का, असं ते कचरूला विचारत होते.

“जेवून घ्या,” सुभद्राबाई म्हणाल्या, आणि ते थांबले नाहीत तेव्हा आवाज न वाढवता बोलत राहिल्या. “बेलीफ येणार नाई. उद्या सकाळी आपण चौघंबी वाटेवर वेचाले जाऊ. मधल्या दोन तासांवर जितकं बोंड फुटलं तितकं वेचू आन् गाठोडं गुलाबरावच्या घरी टाकू. हिरवी बोंडं गेली ते गेली, ते त्याचं नुकसान हाये, आपलं सहा वर्सांचं झालं. मंग दोन तासं उपटायची. कडेची दोन संक्रांतीपर्यंत उभी राहतीन. हे सगळं तो आज दुपारी लिहून देईन, सही मी घेईन. सोमवारी कचरू गाडी जुपन.”